धुराच्या वाटेवरची दोन ठाणी

पुण्याहून साताऱ्याकडे निघालो, की कात्रजचा डोंगर मागे पडल्यावर काही वेळाने नसरापूरचा फाटा येतो. इथून एक रस्ता नसरापूर गावातून वेल्ह्याकडे जातो. अशा हमरस्त्यावरच्या एखाद्या गॅरेजात मोटार वर उचललेली दिसली, तर आपण जरा थांबून तिच्या पोटाखाली पाहू. इंजिनापासून मागच्या टोकापर्यंत सायलेन्सरची नळी गेलेली असते. तिच्यात स्पार्क प्लगसारखी दिसणारी, वायर जोडलेली एक-दोन बोंडे बसवलेली आढळतील. हे ऑक्सिजन सेन्सर. नळी एवढी लांब, मग ते नेमके तिथेच का? याचे उत्तर शोधायला आपल्याला थोडे इतिहासात जावे लागेल.

1897 साली जर्मनीतील गॉटिंगेन येथे वाल्टर नेर्न्स्ट यांनी एक नवा विजेचा दिवा तयार केला. त्यातील कांडी झिर्कोनियात थोडे इट्रिया मिसळून केलेली होती. ही कांडी थंड असताना वीज वाहू देत नसे, म्हणून दिवा लावण्यापूर्वी ती तापवावी लागे. तापलेल्या झिर्कोनियातून ऑक्सिजनचे आयन सरकतात आणि तेच वीज वाहून नेतात, हे पुढे स्पष्ट झाले. त्याआधी 1889 मध्ये नेर्न्स्ट यांनीच विद्युतघटाचा दाब आणि द्रावणाची तीव्रता यांचे नाते सांगणारे समीकरण मांडले होते. या दोन गोष्टी एकत्र आणल्या, की सेन्सर समजतो. तापलेल्या झिर्कोनियाच्या भिंतीच्या एका बाजूला बाहेरची हवा आणि दुसऱ्या बाजूला इंजिनाचा धूर असेल, तर दोन्हीकडच्या ऑक्सिजनच्या फरकामुळे विद्युतदाब निर्माण होतो. धुरात ऑक्सिजन अगदी कमी असला तर सुमारे 0.9 व्होल्ट, भरपूर असला तर सुमारे 0.1 व्होल्ट.

याची गरज पडली कॅलिफोर्नियात. तेथील धुरकट हवेमुळे मोटारींच्या धुरावर कडक नियम आले. धुरातील कार्बन मोनॉक्साइड आणि न जळालेले पेट्रोल यांना ऑक्सिजन द्यायचा, तर नायट्रोजनच्या ऑक्साइडांकडून तो काढून घ्यायचा, अशी ही अडचण. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ही दोन्ही कामे एकाच वेळी करतो, पण 1 किलो पेट्रोलमागे सुमारे 14.7 किलो हवा हे प्रमाण सांभाळले तरच. म्हणून बॉश कंपनीने बनवलेला सेन्सर 1976 साली व्होल्वोच्या मोटारींत आला. तो धूर तपासतो आणि त्यानुसार पेट्रोल कमी-जास्त केले जाते.

आता जागेचा प्रश्न सुटतो. झिर्कोनियाला सुमारे 300 अंश सेल्सिअस उष्णता हवी. पहिल्या सेन्सरांना धुराखेरीज दुसरी ऊब नव्हती, त्यामुळे ते इंजिनाजवळच बसवावे लागत. मात्र सर्व सिलिंडरांचा धूर एकत्र येतो त्या जागेच्या आधी बसवले, तर एकाच सिलिंडरची खबर मिळते. फार मागे बसवले, तर खबर उशिरा मिळते. 1982 पासून सेन्सरच्या आतच हीटर आला. नेर्न्स्ट यांच्या दिव्याला जी सोय लागत होती, तीच ही! त्यामुळे जागा निवडण्याची थोडी मोकळीक मिळाली. पुढे 1996 च्या मॉडेलपासून अमेरिकेत मोटारीने स्वतःच आपल्या यंत्रणेवर लक्ष ठेवण्याचा नियम लागू झाला आणि कन्व्हर्टरच्या पुढे दुसरा सेन्सर बसू लागला. पहिला इंजिनाला सूचना देतो, दुसरा मुख्यतः कन्व्हर्टर काम करतो की नाही हे पाहतो. म्हणूनच डॅशबोर्डवर दिवा लागला, की कोणत्या ठाण्याची तक्रार आहे हे पाहिल्याशिवाय सेन्सर बदलणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

आपल्याकडे ही वाट आधी मोकळी करावी लागली. पेट्रोलमध्ये मिसळलेले शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक, आणि ते कन्व्हर्टर व सेन्सर दोन्ही निकामी करते. 1 एप्रिल 1995 पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या मोटारींना कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल आवश्यक झाले. संपूर्ण देशातील पेट्रोल शिसेमुक्त व्हायला फेब्रुवारी 2000 उजाडले. म्हणजे पाच वर्षे महानगरातील मुलाला संरक्षण, आणि खेड्यातील मुलाला नाही! पुढेही तेच. वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था 1966 पासून पुण्यात आहे. 2010 साली भारत स्टेज 4 चे नियम 13 शहरांना लागू झाले. त्यांत पुणे आणि सोलापूर होते. ते संपूर्ण देशाला लागू व्हायला 1 एप्रिल 2017 उजाडले. वारा मात्र शहराची हद्द पाळत नाही. 1 एप्रिल 2020 रोजी भारत स्टेज 6 आले, तेव्हा शहराला आणि गावाला एकच तारीख मिळाली. त्यानंतरच्या बहुतेक मोटारसायकलींच्या सायलेन्सरच्या नळीतही हा सेन्सर दिसतो.

शिक्षकांनी हा प्रयोग जरूर करावा. शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या, इंजिन पूर्ण गार झालेल्या वाहनांचे साल मुलांना लिहून घ्यायला सांगावे आणि सायलेन्सरच्या नळीत शिरणाऱ्या वायरी मोजायला लावाव्यात. जुन्या वाहनात एकही नाही, नंतरच्यात एक, त्यानंतरच्यात दोन, अशी चढण बहुधा दिसेल. कोणता नियम कोणत्या साली आपल्या गावापर्यंत पोचला, हे मुलांना त्यावरून स्वतःच काढता येईल.