बाबासाहेबांची पहिली संस्था आणि आमच्या संघटना

लोणार तालुक्यातल्या बीबीसारख्या गावात संघटना उभी करायला वेळ लागत नाही. जयंती जवळ आली की बोर्ड लागतो, अध्यक्ष ठरतो, वर्गणी जमते. पण तोच अध्यक्ष पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईला गेला की मागे काय उरते? बहुतेक वेळा फक्त बोर्ड. माणसाभोवती उभी राहिलेली संघटना त्या माणसाबरोबरच संपते, असे आमचे स्पष्ट मत आहे. बाबासाहेबांची कार्यपद्धती अशी नव्हती.

9 मार्च 1924 रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांनी बैठक बोलावली. बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली ती 20 जुलैला. सभेचे अध्यक्षपद सर चिमणलाल सेटलवाड यांच्याकडे होते. व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष स्वतः बाबासाहेब, चिटणीस सीताराम नामदेव शिवतरकर. म्हणजे मानाचे पद बाहेरच्या प्रतिष्ठित माणसाला, पण कारभाराची सूत्रे अस्पृश्यांच्याच हाती. आणि कामाला लगेच सुरुवात : 1925 मध्ये सोलापूरला विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू झाले.

कुणी म्हणेल, बाबासाहेबांचा शब्द तर अखेरचाच असे. मग डिसेंबर 1927 चे महाड आठवा. न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आलेला, परिषदेला आलेले हजारो लोक तळ्यावर जायला अधीर. बाबासाहेबांनी प्रश्न परिषदेपुढे ठेवला. कलेक्टरलाही मंडपात बोलू दिले. बाजूने-विरुद्ध भाषणे झाली आणि मगच सत्याग्रह तहकूब करण्याचा निर्णय झाला. लोक शिस्तीत राहिले, कारण निर्णयात त्यांचाही वाटा होता.

बाबासाहेबांनंतर काय झाले? 3 ऑक्टोबर 1957 ला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि दोनेक वर्षांत ‘दुरुस्त’ व ‘नादुरुस्त’ असे गट पडले. माणसांची उणीव होती काय? मुळीच नाही. दादासाहेब गायकवाडांच्या 1964 च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात लोकांनी तुरुंग भरले. 1972 ला पँथर आली, तिने खेडोपाडी तरुण पेटवला. 1974 ला तीही फुटली. मतभेद कुठल्या चळवळीत नसतात? पण ते सोडवायची सर्वांना मान्य पद्धत नसली की प्रत्येक मतभेदातून नवा गट जन्मतो.

25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की राजकारणातली व्यक्तिपूजा हुकूमशाहीकडे नेते. हा इशारा आपण दिल्लीला ऐकवतो, स्वतःच्या संघटनेत मात्र विसरतो.

तरुण मित्रांनो, सुरुवात गावातूनच करा. बैठकीचे ठराव वहीत लिहा. वर्गणीचा हिशेब विहारात सर्वांसमोर वाचा. अध्यक्षपदाला मुदत घाला. खजिन्याची जबाबदारी एखाद्या भगिनीकडे द्या. नेता गावात नसतानाही बैठक वेळेवर भरली, तर समजा की संघटना उभी राहिली.

जय भीम!