अजिंठा : विहार आणि परिसर

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या सोयगाव तालुक्यातील बौद्ध लेणीसमूह. वाघोरा नदीच्या नालाकृती घळीत, उभ्या कड्यात इ. स. पू. दुसरे शतक ते इ. स. पाचवे शतक या काळात दोन टप्प्यांत खोदलेली सुमारे ३० लेणी. ९, १०, १९, २६ आणि २९ ही चैत्यगृहे. उरलेली बहुतेक लेणी म्हणजे भिक्षूंचे विहार. १९८३ साली भारतातील पहिली चार स्थळे जागतिक वारसा यादीत आली. अजिंठा त्यांपैकी एक. वेरूळ, ताजमहाल आणि आग्र्याचा किल्ला ही इतर तीन.

या विहारांचे धागे विदर्भाशी जुळतात. सोळाव्या लेण्यातील शिलालेखानुसार ते वराहदेवाने भिक्षुसंघाला दान दिले. हा वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. हरिषेणाच्या वाकाटक शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम. लेण्यांतील भित्तिचित्रांतला निळा रंग मात्र अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडाचा.

लेण्यांचा ‘शोध’ २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने लावला, असे सांगतात. त्याने दहाव्या लेण्याच्या खांबावर आपले नाव कोरले. तेव्हा आत मातीचा ढीग साचला होता. तो उपसल्यामुळे ते नाव आज पाहणाऱ्याच्या डोक्याच्या वर दिसते. जवळच्या गावाला मात्र लेणापूर म्हणतात. गावाच्या नावातच लेणे आहे.

१८४४ पासून रॉबर्ट गिल याने चित्रांच्या प्रतिकृती काढल्या. त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. त्याची सहचारिणी पारो १८५६ मध्ये वारली. तिची कबर अजिंठा गावात आहे.

वॉल्टर स्पिंक या अभ्यासकाने विहारांच्या खोल्यांची दारे बारकाईने तपासली. लाकडी दार ज्या खळग्यात फिरे, तो झिजलेला असला तर खोलीत कोणी राहिले होते. कोरा असला तर खोली वापरात आलीच नाही, असे अनुमान त्यांनी बांधले.

वारसाक्षेत्र ८,२४२ हेक्टरांचे आहे आणि भोवतीचा संरक्षक पट्टा ७८,६७६ हेक्टरांचा. म्हणजे कड्याबरोबर डोंगर, जंगल आणि शेतशिवारही या नोंदीत येतात. धुराने चित्रांची हानी होऊ नये म्हणून पर्यटकांची वाहने फर्दापूरच्या टी पॉइंटवर थांबतात. पुढचे सुमारे चार किलोमीटर बसने जावे लागते.