बारडोलीतील प्रश्न आणि ख्रिस्तसभेचा इतिहास

ख्रिस्तसभेचा इतिहास म्हणजे धर्मपरिषदा, बिशप आणि मिशनरी यांचा इतिहास, अशी समजूत धर्मविद्यालयांत सहज रुजते. गुलामगिरीच्या शृंखलेत ज्यांनी सुवार्ता ऐकली, त्या कृष्णवर्णीय अमेरिकन बांधवांचा इतिहास मात्र अभ्यासाबाहेर राहतो. तो आपण का अभ्यासावा, याचे उत्तर सुरत जिल्ह्यात घडलेल्या एका भेटीत सापडते.

२१ फेब्रुवारी १९३६ रोजी बारडोली येथे हॉवर्ड थर्मन, त्यांच्या पत्नी स्यू बेली थर्मन आणि एडवर्ड कॅरोल गांधीजींना भेटले. १८६७ साली, गुलामगिरी संपल्यावर स्थापन झालेल्या वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात थर्मन अध्यापन करीत. ख्रिस्ती विद्यार्थी चळवळीच्या निमंत्रणावरून ही मंडळी भारतात आली होती. गांधीजींनीच त्यांना प्रश्नांवर प्रश्न विचारले: गुलामगिरीतून तुमचा समाज कसा तगला? मतदान व शिक्षण यांची स्थिती काय? गुलामांनी धन्याचाच धर्म का पत्करला, ते मुसलमान का झाले नाहीत? त्याच प्रवासात कोलंबो येथे एका वकिलानेही थर्मन यांना अशाच आशयाचा, अधिक कठोर सवाल केला होता.

थर्मन यांचे सविस्तर उत्तर १९४९ साली ‘जीझस अँड द डिसइनहेरिटेड’ या ग्रंथात आले. येशू हा रोमी सत्तेखाली दडपलेल्या समाजातील दरिद्री यहुदी होता. त्याचा धर्म आणि धन्यांचा धर्म एक नव्हेत, असे ते प्रतिपादितात. त्यांची आजी गुलामगिरीत जन्मली होती. धन्याचा उपदेशक ‘दासांनो, आज्ञा पाळा’ या अर्थाची पौलाची वचनेच वारंवार ऐकवी. म्हणून स्वतंत्र झाल्यावर ती नातवाकडून पौलाची पत्रे वाचून घेत नसे. अपवाद एकच: करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा, प्रीतीचा अध्याय.

या निरक्षर स्त्रीची ही निवड म्हणजे शास्त्राचा अनादर नव्हे, असे आम्हांस वाटते. कोणते वचन कोणाच्या मुखातून, कोणाच्या हितासाठी आले, हे तिने अचूक ओळखले होते.

महाराष्ट्राला हा धागा अपरिचित नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांस अर्पण केला. आपल्या अनेक धर्मग्रामांतील कुटुंबे जातीच्या जोखडाखालून ख्रिस्ताकडे आली आहेत. त्यांना नम्रता व आज्ञापालन शिकविताना धर्मगुरूने आणि धर्मशिक्षकाने प्रथम स्वतःस विचारावे: आपल्या मुखातून प्रभू बोलत आहे की जुना धनी?

बारडोलीच्या त्या भेटीत पाहुण्यांनी गांधीजींच्या विनंतीवरून क्रुसावरील प्रभूविषयीचे गुलामांचे भक्तिगीत गायिले. धन्याने शिकविलेल्या धर्मातून गुलामांनी आपला प्रभू स्वतः शोधून काढला, याची साक्ष ते गीत देते. ही साक्षही ख्रिस्तसभेचा इतिहासच होय. तिला आपल्या अभ्यासक्रमात स्थान मिळावयास हवे.