‘अजून एक डाव’ : खेळ केव्हा विटतो?

वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात, म्हणजे रामेश्वर लेण्यात, शिव आणि पार्वती सारीपाट खेळत बसलेले आहेत. पार्वती जिंकली आहे आणि शिव हात उंचावून अजून एका डावाची मागणी करतो आहे, असा या शिल्पाचा अर्थ अभ्यासक सांगतात. खाली शिवाचे गण नंदीची शेपटी ओढून त्याची थट्टा करत आहेत. पणाला लागलेला नंदीही हरला गेला, असे त्याचे स्पष्टीकरण. हाच प्रसंग वेरूळच्या आणखी लेण्यांतही कोरलेला आहे.

गंगापूर तालुक्याला लागूनच खुलताबाद तालुका आहे आणि त्यात हे वेरूळ. गंगापूरच्या मुलांची शाळेची पहिली सहल बहुधा तिथेच जाते. त्याच मुलांपैकी एखादा आठ महिने रात्रंदिवस मोबाइलवर लढाईचा एकच खेळ खेळतो आणि नवव्या महिन्यात तो खेळ काढून टाकतो. खेळ बिघडलेला नसतो, उलट नवे नकाशे, नवी शस्त्रे आलेली असतात. तरीही बोट त्या चौकोनाकडे जात नाही. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘तुमच्या पिढीचं कशातच मन टिकत नाही.’ या धाग्यात त्या आरोपाची इतिहासाच्या अंगाने तपासणी करायची आहे. उत्तम खेळाचाही वीट येणे ही खरोखर या पिढीची देणगी आहे काय?

सुरुवात राजापासून करू. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. आजचा मराठवाडा तेव्हा याच राजवटीच्या छायेत होता. ग्रंथाचे पाच भाग आहेत आणि प्रत्येकाला ‘विंशति’ म्हणतात, कारण प्रत्येकात वीस प्रकरणे आहेत. राज्य मिळवणे, ते टिकवणे, उपभोग हे विषय पहिल्या तीन भागांत संपतात. चौथा भाग विनोदांचा, म्हणजे करमणुकींचा, आणि पाचवा क्रीडांचा. शंभरांपैकी चाळीस प्रकरणे मन रमवण्यासाठी! मल्लांच्या कुस्त्या, हत्तींच्या आणि कोंबड्यांच्या झुंजी, शिकार, मासेमारी, संगीत, जलक्रीडा, फासे, बुद्धिबळ. ज्याला यांतले काहीही क्षणात मागवता येत होते, त्याला चाळीस प्रकारांची यादी का लागावी? एकाने भागत नव्हते, हे उघड आहे. ग्रंथाचे नावच मनाच्या उल्हासाचे आहे, आणि उल्हास टिकवणे हे राजवाड्यातले एक खातेच होते असे म्हणायला हरकत नाही.

बुद्धिबळाची हकिगत अधिक बोलकी आहे. आज आपण खेळतो ते बुद्धिबळ वेगवान आहे. भारतातून इराणमार्गे अरबांकडे गेलेले ‘शतरंज’ मात्र फार संथ होते. वजीर तिरका एकच घर सरके. उंट तिरपा दोन घरे उडी मारी, त्यामुळे पटावरची मोजकीच घरे त्याच्या वाट्याला येत. प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे जाई. दोन्ही सैन्यांची गाठ पडेपर्यंत दहा-पंधरा चाली नुसत्या मांडामांडीत जात. दहाव्या शतकातल्या बगदादेत अस्-सूली हा सर्वश्रेष्ठ खेळाडू गणला जाई. त्याच्या काळातील खेळाडूंनी या कंटाळ्यावर तोड काढली होती. सुरुवातीच्या चाली टाळून मोहरी ठरलेल्या रचनेत मांडायची आणि डाव थेट मध्यापासून सुरू करायचा. अशा रचनांना ‘तबिया’ म्हणत आणि प्रत्येकीला स्वतंत्र नाव असे. अकराशे वर्षांपूर्वीच्या या जाणकारांनी, आजच्या खेळाडूंच्या भाषेत सांगायचे तर, सुरुवातीचा भाग ‘स्किप’ केला होता.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात दुसरा उपाय झाला. वजिराची राणी झाली आणि तिला पटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावण्याची मुभा मिळाली. उंटही लांब पल्ल्याचा झाला. जुना खेळ तिथे काही दशकांतच मागे पडला. भारतात देशी नियम बराच काळ टिकले. पंजाबातून इंग्लंडला गेलेला मीर सुलतान खान १९२९ मध्ये ब्रिटनचा विजेता झाला, तेव्हा युरोपीय नियम शिकून त्याला थोडीच वर्षे झाली होती. प्यादे पहिल्या चालीत दोन घरे टाकते, हे त्याच्या मूळ खेळात नव्हतेच.

पण वेगवान केलेला खेळही पुन्हा विटला, आणि तोही सर्वांत उत्तम खेळणाऱ्यांना. १९२० च्या दशकात विश्वविजेता कापाब्लांकाला भीती वाटू लागली की, अव्वल खेळाडूंचे सगळे डाव बरोबरीतच सुटतील. त्याने मोठा पट आणि दोन नवी मोहरी सुचवली. १९९६ मध्ये बॉबी फिशरने मागच्या रांगेतली मोहरी चिठ्ठ्या टाकल्यासारखी मांडण्याची पद्धत जाहीर केली, म्हणजे पाठ केलेल्या सुरुवाती निकामी व्हाव्यात. जुलै २०२२ मध्ये मॅग्नस कार्लसनने पाच वेळा जिंकलेले विश्वविजेतेपद पुन्हा लढवण्यास नकार दिला. तो कोणाकडून हरला नव्हता. त्या सामन्यासाठी मनात उमेद उरली नाही, असे त्याचे कारण होते. पुढे तो फिशरच्याच पद्धतीचा पुरस्कर्ता झाला. बगदादेत सुरुवातीच्या चाली संथ म्हणून नकोशा होत्या, आता त्या पाठ झाल्या म्हणून नकोशा आहेत. कंटाळ्याचे ठिकाण तेच, कारण मात्र अगदी उलट.

येथे फुली-गोळ्याची आठवण काढणे भाग आहे. वहीच्या शेवटच्या पानावर तो खेळ प्रत्येकाने खेळला आहे आणि नवव्या-दहाव्या वर्षी प्रत्येकाने सोडलाही आहे. दोघेही नीट खेळले तर कोणीच जिंकत नाही, हे त्या वयात उमगते. उमगले की खेळ संपतो. खेळांची रचना करणारे राफ कॉस्टर यांनी २००४ मध्ये आपल्या पुस्तकात हेच सूत्र मांडले : खेळातली गंमत ही शिकण्याची गंमत असते, आणि शिकण्यासारखे संपले की मेंदू तिथून उठतो. म्हणजे कंटाळा हा खेळाडूच्या चंचलपणाचा पुरावा असेलच असे नाही. अनेकदा तो अभ्यासक्रम पूर्ण झाल्याची पावती असतो. वडीलधाऱ्यांच्या आरोपाला हे बऱ्यापैकी उत्तर आहे. पूर्ण उत्तर मात्र नव्हे.

कारण नवकंकरी. एकात एक तीन चौकोन, चोवीस ठिकाणे, प्रत्येकाच्या नऊ सोंगट्या, आणि तीन सोंगट्या एका ओळीत आल्या की प्रतिस्पर्ध्याची एक उचलायची. देवळांच्या फरशांवर, घाटांच्या पायऱ्यांवर असे पट कोरलेले आढळतात. कोणाची तरी वाट पाहत बसलेल्या माणसांनी ते कोरले असावेत, असे ते पाहताना वाटते. १९९३ मध्ये राल्फ गासर या संशोधकाने संगणकाच्या साहाय्याने सिद्ध केले की, दोन्ही बाजूंनी निर्दोष खेळ झाला तर नवकंकरीचा डाव बरोबरीत सुटतो. तत्त्वतः ती फुली-गोळ्याच्या पंगतीला जाऊन बसली. तरीही पारावर बसलेल्या दोन म्हाताऱ्यांच्या डावावर या शोधाचा काहीही परिणाम होत नाही. खेळ गणिताच्या दृष्टीने सुटणे वेगळे आणि समोरच्या माणसापुरता सुटणे वेगळे. शिवाय समोर माणूस असतो, आणि तो मात्र कधीच पुरता सुटत नाही.

आता सापशिडी. काही जण तिचे जनकत्व संत ज्ञानेश्वरांना देतात. गंगापूर परिसराला हे ऐकायला गोड वाटावे, कारण कायगाव येथून गोदावरी ओलांडली की प्रवरासंगम, आणि तिथून नेवासे फार दूर नाही. परंतु या कथेला समकालीन आधार नाही. उपलब्ध जुने मोक्षपट ज्ञानेश्वरांच्या नंतर कित्येक शतकांचे आहेत. वाचकांनी ती श्रद्धा म्हणून जपावी, पुरावा म्हणून पुढे करू नये. मोक्षपट मात्र खराच होता. जैनांचे, वैष्णवांचे असे त्याचे निरनिराळे पट होते, आणि सूफी परंपरेतही शंभर घरांचा पट आढळतो. प्रत्येक घराला नाव असे : एखादा गुण, एखादा दोष, एखादा लोक. साप दोषाच्या घरातून खाली ओढी, शिडी गुणाच्या घरातून वर नेई. अनेक जुन्या पटांवर सापांची संख्या शिड्यांपेक्षा जास्त आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात छापला जाऊ लागला. आधी तिथले सद्गुण-दुर्गुण घरांत आले, पुढे तेही गळाले. उरले फक्त आकडे, आणि हाच उघडाबोडका पट पुढे जगभर पसरला.

सापशिडीत खेळाडूला एकही निर्णय घ्यायचा नसतो. फासा सांगेल तिथे जायचे. म्हणून शहाणे मूल तिला लवकर कंटाळते, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. पण मोक्षपटातही निर्णय नव्हताच! मग मोठी माणसे तो कशासाठी खेळत? घर वाचण्यासाठी. आपण कोणत्या दोषामुळे घसरलो, वरचे घर कोणते आणि तिथे पोहोचायला कोणता गुण लागतो, हे प्रत्येक दानागणिक बोलले जाई. दान हे निमित्त होते, पट हा ग्रंथ होता. ग्रंथ पुसला आणि निमित्त तेवढे शिल्लक राहिले. त्याचा कंटाळा येणार नाही तर काय होणार?

अकबराचा उपाय याहून निराळा. फासे आणि सोंगट्यांच्या एका खेळाविषयी अबुल फझल ‘आईन-ए-अकबरी’मध्ये सांगतो की, दरबारात तो खेळायला दोनशेवर माणसे बसत. सोळा डाव पुरे झाल्याशिवाय कोणालाही घरी जाता येत नसे, आणि कधीकधी त्याला तीन तीन महिने लागत. मध्येच कोणाचा धीर सुटला, चुळबुळ सुरू झाली, तर त्याला मद्याचा प्याला रिचवावा लागे. वरवर हा खेळ दिसला तरी बादशहा त्यातून माणसे पारखतो, अशी पुस्ती अबुल फझल जोडतो. दरबारी इतिहासकाराने असे लिहिणे साहजिकच आहे. पण कंटाळ्यासाठी शिक्षा ठरवावी लागली, यावरून कंटाळा येत होता हेही सिद्ध होते, आणि तोही साम्राज्याच्या सर्वांत वैभवशाली पटावर.

दशावतारी गंजिफात मात्र उपाय नियमांतच विणलेला आहे. एकशे वीस गोल पाने, दहा अवतारांचे दहा रंग. दिवसा खेळत असाल तर सुरुवात रामाची, रात्री कृष्णाची. पाच रंगांत पानांची चढती भाजणी एका दिशेने, उरलेल्या पाचांत उलटी. हातात तेच पान असून त्याची किंमत पालटते, डोके सतत जागे ठेवावे लागते. सावंतवाडीत ही पाने आजही रंगवली जातात. गंजिफा मागे पडला तो लोक त्याला विटले म्हणून नव्हे. छापील पत्ते स्वस्त होते, हे त्याचे मोठे कारण. एखादा खेळ नाहीसा झाला की त्याचा लोकांना कंटाळा आला, असा निष्कर्ष काढण्याची घाई होते. ती टाळली पाहिजे.

औरंगाबादेच्या पंडित हरिकृष्णांनी हेच केले असे म्हणावेसे वाटते. १८७१ च्या सुमारास त्यांनी ‘क्रीडाकौशल्य’ रचले. त्यात बुद्धिबळाचे प्रकार आहेत, गंजिफा आहे, पटावरचे इतर खेळ आहेत. गंमत अशी की हे प्रकरण ‘बृहज्ज्योतिषार्णव’ या त्यांच्या प्रचंड ज्योतिषग्रंथाचा भाग आहे. ग्रहगणितात बुडालेल्या पंडिताने सोंगट्यांचे नियम संस्कृतात बांधून ठेवले, म्हणून ते आज वाचता येतात. जिल्ह्यातल्या किती जणांना हे नाव ठाऊक आहे, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. पण खेळांच्या इतिहासाचे युरोपीय अभ्यासक मात्र या ग्रंथाचा हवाला देत आले आहेत.

एक मुद्दा बाकी आहे. शिकणे संपले की खेळ विटतो, हे खरे मानले तर जुगार सर्वांत आधी विटायला हवा, कारण त्यात शिकण्यासारखे जवळपास नसतेच. घडते नेमके उलटे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचे एक सूक्त आहे. त्यातल्या माणसाची बायको दुरावली आहे, घरचे ओळख देत नाहीत, आणि तरी फाशांचा आवाज आला की त्याचे पाय तिकडेच वळतात. पुढचे दान काय पडेल हे कधीच कळत नाही, म्हणून तो अभ्यासक्रम कधीच पूर्ण होत नाही. आजच्या मोबाइल खेळांत पैसे मोजून उघडायच्या बंद पेट्या असतात, त्यांचे तंत्र हेच. ज्या खेळाचा कंटाळा येतो तो निदान माणसाला मोकळे सोडतो.

लीळाचरित्रात हरिपाळदेवाची कथा आहे. भडोचच्या प्रधानाचा हा मुलगा, द्यूताचा मोठा नादी. एकदा तो फार मोठी रक्कम हरला. देणे भागवण्यासाठी त्याने पत्नी कमळाइसेकडे दागिने मागितले आणि तिने ते नाकारले. देणे वडिलांनी फेडले, पण त्या नकारानंतर त्याचे मन फाशांवरून उडाले, आणि केवळ फाशांवरून नव्हे. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून तो निघाला, ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंना भेटला, आणि पुढे महाराष्ट्राने त्याला श्रीचक्रधरस्वामी म्हणून ओळखले. गोदावरीच्या काठाने त्यांची भ्रमंती झाली, आणि वेरूळला ते दहा महिने राहिले. डोंगरातल्या लेण्यांत तेव्हाही शिव पार्वतीकडे अजून एक डाव मागत बसलेला होता.