जत्रेतील शर्यत आणि धावणारा



जत्रेतील शर्यत ही निव्वळ करमणूक, अशी आपली समजूत असते. माझ्या मते तिचा इतिहास हा श्रमाचा इतिहास आहे. शेतात जो राबतो, तोच जत्रेत धावतो.

अमेरिकेत १८९६ साली ऱ्होड आयलंडच्या राज्यजत्रेत घोड्यांच्या धावपट्टीवर मोटारी धावल्या. विजेवर चालणारी गाडी पहिली आली. पुढे तिकडे शेतातला घोडा गेला आणि जत्रेच्या मैदानात मोटारीने बस्तान बसविले. आपल्या शिरढोणवरून मुंबई-गोवा महामार्ग जातो. मोटारीची नवलाई आपल्यालाही उरलेली नाही. शेतात ट्रॅक्टर आला. तरी जत्रेत बैलच राहिला.

विदर्भात ह्या शर्यतीला शंकरपट म्हणतात. तळेगाव दशासरचा पट नामांकित आहे. खेड-जुन्नरकडे चढाच्या घाटात बैलगाडा पळतो, पुढे घोडी असते आणि निकाल सेकंदांवर लागतो. आपल्या रायगड जिल्ह्यात अलिबागकडे समुद्रकाठच्या ओल्या वाळूवर गाड्या सुटतात. बक्षिसात मात्र कुठे मोटारसायकल मिळते, कुठे ट्रॅक्टर!

बैलाला पळविण्यासाठी पराणी टोचणे, शेपटी पिरगाळणे, विजेचा झटका देणे असे प्रकार होत. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ह्या शर्यती बंद केल्या. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना वाट मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्याची तपासणी लागते, काठी-चाबूक चालत नाही.

बंदीमुळे खिलार बैल कसायाकडे जातील, असे शेतकरी म्हणत होता. त्यात तथ्य होते. बैलाचे हाल होतात, असे प्राणिमित्र म्हणत होते. त्यातही तथ्य होते. ज्याच्या अंगावर हे सारे चालले होते, त्याची साक्ष कोणी काढणार कशी?

मी कामगार संघटनेचा माणूस. निरीक्षक येण्याच्या दिवशी यंत्राला जाळी लागते आणि तो गेल्यावर निघते, हे मी पाहिले आहे. तिथे कामगार निदान तक्रार करू शकतो. बैलाला संघटना नाही. म्हणून कागदावरचा नियम घाटात पाळला जातो की नाही, हे शर्यतीवर प्रेम करणाऱ्यानेच पाहिले पाहिजे. गाडी सुटण्यापूर्वी हाकणाऱ्याच्या हातातील काठी गावानेच काढून घ्यावी. जत्रा आपली आहे. तेवढी जबाबदारीही आपलीच.