मूर्ती कुणाची, साचा कुणाचा?

2022 मध्ये वेदांता-फॉक्सकॉनने चिप प्रकल्पासाठी महाराष्ट्राऐवजी गुजरात निवडलं, तेव्हा केवढा धुरळा उडाला होता! पुढच्याच वर्षी फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली. पण त्या सगळ्या भांडणात, कारखान्यात बनणाऱ्या प्रोसेसरचा आराखडा कुणाच्या मालकीचा असणार, हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

हा प्रश्न कळायला 1983 चं इंग्लंड बघावं लागतं. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीला स्वतःचा प्रोसेसर हवा होता. चिपचा कारखाना नाही, माणसं मोजकीच. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी काय केलं, तर कुठल्या सूचनेवर प्रोसेसरने नेमकं काय करायचं, याचं मॉडेल आधी बीबीसी बेसिकमध्ये लिहिलं आणि कॉम्प्युटरवर चालवून पाहिलं. चिप बनायच्या आधीच तिचं वागणं तपासता येत होतं. 26 एप्रिल 1985 ला व्हीएलएसआय कंपनीने बनवलेली खरी चिप हातात आली आणि पहिल्याच फटक्यात चालली.

खरी गंमत पुढे आहे. 1990 मध्ये एकॉर्न, ॲपल आणि व्हीएलएसआय यांनी मिळून आर्म ही वेगळी कंपनी काढली. तिचा धंदा चिप विकण्याचा नव्हताच. ती आराखडा परवान्यावर द्यायची. घेणाऱ्याने तो आपल्या डिझाइनमध्ये बसवायचा, सोबत मेमरी, कॅमेरा, रेडिओ असे आपापले भाग जोडायचे. साचा एकाचा, मूर्ती शंभर जणांच्या. आज आपल्या खिशातले जवळपास सगळे स्मार्टफोन त्याच घराण्यातल्या प्रोसेसरवर चालतात, आणि परवान्याच्या अटी साचेवाला ठरवतो. 2022 मध्ये आर्मने क्वालकॉमसारख्या बड्या गिऱ्हाईकालाच परवान्यावरून कोर्टात खेचलं.

यावर एक वाट 2010 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात निघाली. रिस्क-फाइव्ह हा सूचनासंच कुणालाही फुकट वापरता येतो. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि ज्याचं मुख्यालय आपल्या पुण्यात आहे त्या सी-डॅकचा ‘वेगा’ त्यावरच उभे आहेत. अर्थात सूचनासंच फुकट म्हणजे प्रोसेसर फुकट नव्हे. त्याचं डिझाइन करायला आणि ते तपासायला माणसं, पैसा आणि बरीच वर्षं लागतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की कारखाने जरूर आणा. पण पुढाऱ्यांनी फीत कापली की त्यांना एकदा विचारा: साहेब, साचा कुणाचा?