भूत थांबव की, दादा!

आजचा भाग जरा घरातलाच आहे.

जुळे सोलापुरात आमच्या वरच्या मजल्यावर नऊ वर्षांचा एक मुलगा राहतो. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. डोकं एकदम तल्लख, पण हात सांगितलेलं लगेच ऐकत नाही. बोट बटणापर्यंत पोचायलाच चार-पाच सेकंद जातात. मागच्या उन्हाळ्यात मी त्याला लॅपटॉपवर पॅक-मॅन लावून दिला. तीनदा आऊट. चौथ्यांदा तो ओरडला, "दादा, भूत थांबव की!" मी हसलो, आणि मग चपापलो. कारण कुठं वळायचं हे तो प्रत्येक वेळी तोंडानं बरोबर सांगत होता. वाट त्याला सापडलेली होती. तो हरत होता तो फक्त घाईत.

मग मी शोधत बसलो, की भूलभुलैयात ही घाई आली कुठून?

मुळात ती नव्हतीच. आपल्याच बोरामणीच्या माळरानावर दगडांचा गोल चक्रव्यूह सापडल्याची बातमी तुम्ही वाचली असेल. १५ फेऱ्या आहेत त्याला. अशा जुन्या चक्रव्यूहात बहुतेक वेळा फाटे नसतातच, एकच वाट वळत वळत मध्यावर जाते. चुकायची सोय नाही, पळायची गरज नाही.

कॉम्प्युटरवरही सुरुवात निवांतच झाली. १९५० मध्ये अमेरिकेत क्लॉड शॅनननं 'थीसियस' नावाचा यांत्रिक उंदीर केला. २५ चौकोनांच्या भूलभुलैयात तो पहिल्यांदा धडकत, चाचपडत जायचा आणि दुसऱ्यांदा सरळ. १९५९ च्या सुमारास एमआयटीच्या टीएक्स-० कॉम्प्युटरवर 'माऊस इन द मेझ' आला. त्यात माणूस लाइट पेननं पडद्यावर भिंती मांडायचा, चीज ठेवायचा, आणि उंदीर ते शोधत फिरायचा. म्हणजे बघा, खेळणाऱ्याचं काम पळायचं नव्हतंच, भूलभुलैया रचायचं होतं!

मग आली नाणं टाकून खेळायची मशिनं. पॅक-मॅन १९८० चा, जपानच्या नामको कंपनीचा, तोरू इवातानीनं रचलेला. खेळ सुंदरच आहे, मी आजही खेळतो. पण आर्केडचा हिशोब साधा होता: एकच पोरगं तासभर खेळत बसलं तर गल्ल्यात पडणार काय? म्हणून भुतं मागे लागली, पातळीगणिक अवघड होत गेली. ही घाई धंद्याची होती. पुढं घरात आलेल्या खेळांनी तीच उचलली, आणि ज्यांचा हात, डोळा किंवा लक्ष वेगळ्या चालीनं चालतं ती मुलं बाहेर राहिली.

उलट्या दिशेनं चाललेली माणसंही होती. इंग्लंडमध्ये १९६० च्या सुमारास रेग मेलिंगनं 'पॉसम' बनवलं. हातपाय न हलणारा रुग्ण नळीत फुंकून किंवा ओढून यंत्र चालवायचा. लॅटिनमध्ये पॉसम म्हणजे 'मी करू शकतो'. एका बटणावर चालणारे आजचे खेळ याच घराण्यातले. पडद्यावर चार बाण आळीपाळीनं उजळतात, हवा तो उजळला की बटण दाबायचं. याला स्कॅनिंग म्हणतात. फक्त बाण भराभर पळाले तर भूत परत आलंच म्हणून समजा! वेग मुलाच्या हातात हवा.

आणि चिलीतला 'ऑडिओडूम' तर मला सगळ्यात भारी वाटतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस हाइमे सांचेझ आणि मौरिसियो लुम्ब्रेरास यांनी तो अंध मुलांसाठी केला. चित्राचा आधार नाही, हेडफोनमध्ये पावलांचे, दारांचे, राक्षसांचे आवाज. खेळून झाल्यावर मुलांनी लेगोचे ठोकळे घेतले आणि नुसत्या कानांनी फिरलेली ती जागा टेबलावर रचून दाखवली.

फुकटात काही हवं असेल तर २००० साली फ्रान्समध्ये सुरू झालेलं 'जीकॉम्प्री' बघा. त्यात पेंग्विनला भूलभुलैयातून बाहेर काढायचं असतं. घड्याळ नाही, भूत नाही. तो खास विशेष मुलांसाठी नाही, तरी चालतो. पण बाणांची चार बटणं लागतात, आणि आमच्या गड्याला एकच जमतं.

म्हणून मी स्क्रॅचवर एक खेळ जोडला. जुन्या माऊसच्या डाव्या बटणावर बरणीचं मोठं झाकण चिकटवलं. बाण उजळायची गती सहा सेकंदांवर ठेवली. वहिनी शेजारी बसून होत्या, मध्येच त्यांचा हात मदतीला पुढं जायचा आणि त्या तो परत मागे घ्यायच्या. पहिला भूलभुलैया सोडवायला त्याला सव्वीस मिनिटं लागली.

लगेच म्हणाला, "आता मी भिंती सांगतो, तू खेळ." त्यानं एकेक भिंत सांगितली, मी मांडत गेलो. चांगला अर्धा तास गेला. मग खेळायला बसलो आणि तिसऱ्याच वळणावर अडकलो. तो वरून विचारतोय, "दादा, भूत सोडू का?"